रस्त्याकडे तोंड करून

कुपोषणाचा अभ्यास करायला म्हणून मी वाशिम जिल्ह्यात गेलो आणि स्वतःचं वजन वाढवून परत आलो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण घरी आल्यापासून पँटचं बटण लावताना रोज त्याची आठवण होते आणि रोज थोडी लाज वाटते.

मी कोल्हापूरकडचा. शाळेत विज्ञान शिकवतो. पन्नाशी ओलांडली, मुलगी नोकरीला लागली, तेव्हा सार्वजनिक आरोग्याचा एक अभ्यासक्रम घरबसल्या करायला घेतला. विषय जागतिक पोषण आणि अन्नसुरक्षा. संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसायचं; पडद्यावर कुणी नेपाळचा, कुणी घानाची, कुणी बांगलादेशातली. दुष्काळ, धान्याची टंचाई, मुलांची खुंटलेली उंची यांवर आम्ही फार गंभीरपणे बोलायचो, आणि ते बोलताना मी कॅमेऱ्याच्या खाली बशी धरून चिवडा खायचो. वर्गातल्या कुणाला हे अजून माहीत नाही.

शेवटच्या सत्रासाठी एखाद्या गावात राहून तिथली माणसं रोज काय खातात ते टिपून आणायचं होतं. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांची बहीण, संगीताताई, रिसोड तालुक्यात केनवडच्या आतल्या बाजूला एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडे उतरायचं ठरलं. ओळखीतल्या बहुतेकांनी विचारलं, वाशिमला पाहायला काय आहे? मला उत्तर देता आलं नाही. आता देता येईल, म्हणून हे लिहितो आहे.

डिसेंबर संपत आला होता. वाशिम स्टेशनावरून गावापर्यंत जाताना दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तिच्यावर हरभऱ्याचे हिरवे चौकोन आणि मधूनमधून वाळायला लागलेली तूर. आमच्याकडे उसाने रस्त्याच्या भिंती केलेल्या असतात. शेजारच्या शेतात कोण आहे ते दिसत नाही. इथे नजर पार क्षितिजाच्या टेकड्यांपर्यंत जाते, आणि शेतातला माणूस रस्त्यावरच्या माणसाला कुठे चालला ते ओरडून विचारतो. जीपमधल्या मला अशा दोघा-तिघांनी विचारलं. चालकाने माझ्या वतीने उत्तर दिलं, "संगीताताईकडचे पाव्हणे हायेत. जेवाचं इचाराले आले."

वाट्या

अशा अभ्यासात एक ठरलेली पद्धत असते. बाईला विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात कुणी काय खाल्लं. किती, ते कळावं म्हणून लहानमोठ्या वाट्या पुढे ठेवायच्या. माझ्याकडे स्टीलच्या नव्या कोऱ्या वाट्यांचा संच होता. पहिल्या सकाळी मी तो पिशवीतून काढून पारावर मांडला, तर बघताबघता बायका जमल्या. एकीने वाटी उलटी करून बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाली, "पत्रा हलका हाय. जुन्या साड्या घेता का?"

मला भांडेवाला समजून ती घरून दोन साड्या घेऊनही आली. संगीताताई हसून हसून खाली बसली. मग तिने मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं, पण गावात माझं नाव पडायचं ते पडलंच. मी निघेपर्यंत ‘वाटीवाले सर’ होतो.

बायका ‘मी जातो, मी करतो’ असं बोलत होत्या. असं फक्त आमच्या कोल्हापूरकडच्याच बायका बोलतात, अशी माझी समजूत होती. एवढ्या लांब येऊन ते कानावर पडलं आणि मी एकदम सैल झालो.

संगीताताईच्या घरचं जेवण म्हणजे माझ्या अभ्यासाचा सत्यानाश. पहिल्या दिवशी तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ती ‘सोल्याची’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. जवसाची चटणी तर रोजच, आणि तिच्यावर कच्चं तेल. आमच्याकडे तिखटाचा अभिमान फार, पण त्यांच्या ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मला साखरेचा त्रास सुरू होतो आहे, डॉक्टरांनी मोजून खायला सांगितलं आहे. ते सांगायला मी तोंड उघडलं की तेवढ्यात ताटात पोळी पडायची. "पाव्हण्याले पुसत नसतेत," संगीताताईचे यजमान म्हणायचे. जगाच्या भुकेची आकडेमोड करणारा माणूस दुपारी ढेकर देत झोपतो, हे मला बरं वाटत नव्हतं. तरी झोप लागायची.

गावाभोवती जिकडेतिकडे सोयाबीनचा पेरा असतो, असं कळल्यावर मी एका दुपारी बायकांना सोयाबीन खाण्याचे फायदे सांगितले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारी म्हणाली, ते तर विकायला असतं. जणू मी गुरुजी असून मला शाळेची घंटा कशाला असते ते ठाऊक नव्हतं. ती म्हातारी म्हणजे गोदाबाई. पुढची सगळी हकिकत तिची आहे, आणि माझ्या तोंडाची.

दोन अंगणं

गोदाबाईचं घर शेतकऱ्याचं, थोडी कोरडवाहू जमीन असलेलं. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून घरात अंडंमटण शिजत नाही. सून वर्षा, मुलगा, आणि दोन वर्षांची नात परी. परी पावसाळ्यात हगवणीने आजारी पडली होती, तेव्हापासून तिचं वजन वाढेना. संगीताताई दर महिन्याला तिला काट्यावर ठेवायची आणि काळजी करायची. गेल्या दोन खेपांना मात्र काटा थोडा थोडा पुढे सरकू लागला होता.

मधल्या बोळाच्या पलीकडे पंचफुलाबाईचं घर. बौद्ध कुटुंब, मुलगा वाशिमला नोकरीला, ती आणि तिचे मालक शेतात. दारात निळ्या कडेचा ओटा आणि अंगणभर कोंबड्या. गोदाबाई आणि पंचफुलाबाई दोघी एका वयाच्या. आयुष्यभर एकमेकींच्या शेजारच्या ओळीत निंदण केलेल्या.

मी पंचफुलाबाईकडे माहिती घेत बसलो होतो तेव्हा परी दुडक्या चालीने बोळ ओलांडून आली. काही न बोलता चुलीपाशी बसली. पंचफुलाबाईने उकडलेलं अंडं सोललं, मीठ लावून दोन तुकडे केले आणि तिच्या हातात दिले. पोरगी इतकं मन लावून खात होती की मीही बोलायचा थांबलो. खाऊन झाल्यावर पंचफुलाबाईने तिचं तोंड पदराने पुसलं, दोन्ही हात धुतले, बोटं हुंगून पाहिली आणि परत धाडलं. रोज याच वेळेला येते, एवढंच ती म्हणाली. मला फार आनंद झाला. वजनाचा काटा का सरकला ते कळलं.

हा आनंद पोटात ठेवायला हवा होता.

दुसऱ्या सकाळी मी गोदाबाईच्या ओट्यावर बसलो. वर्षा सुपात तूर पाखडत होती, शेजारच्या चार-पाच बाया शेंगा सोलायला जमल्या होत्या. मी वाट्या मांडल्या. परीने काल काय काय खाल्लं, असं विचारल्यावर वर्षाने सांगितलं, सकाळी दूध-पोळी, दुपारी वरण-भात. आम्हाला शिकवलेलं असतं की माणसं मधल्यामधलं खाणं विसरतात, त्यांना आठवण करून द्यावी. मी ती करून दिली.

"आणि अंडं? काल पंचफुलाबाईंकडे खाल्लं ना तिने?"

सुपातली तूर थांबली. वर्षाने मान खाली घातली. शेंगा सोलणाऱ्या बाया एकदम शेंगांकडे बघायला लागल्या. गोदाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बायांकडे. रागावून नाही. खेळात एखाद्याने नियम सोडून काही केलं की बाकीचे बघतात, तसं. मग ती उठली, परीला उचललं आणि घरात गेली. बाया एकेक करत टोपल्या घेऊन निघाल्या. एकीने जाताजाता माझी कलंडलेली वाटी सरळ करून ठेवली.

त्या दुपारी परी बोळ ओलांडून गेली नाही. दाराला आडवी फळी लावलेली होती, आणि फळीमागून तिचं रडणं येत होतं. मी संगीताताईला विचारलं, हे घरात चोरून चाललंय असं तुला ठाऊक होतं, मग मला आधी का नाही सांगितलं? ती भांडी घासत होती. वर न पाहता म्हणाली, "पुऱ्या गावाले ठाऊक हाय, सर. म्हनूनच कोनी सांगत नाई."

मी पंचफुलाबाईची माफी मागायला गेलो. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला वाटलं ती माझ्यावर चिडली असेल, पण तिचा राग दुसरीकडेच होता.

"कोंबडी माही. अंडं माह्यं. चोरीचं नाई. मंग लेकरानं चोरून कायले खा लागते? मी गोदाच्या घरी चारचौघांत जेवतो. तिनं माह्या ओट्यावर बसून कपभर चा तरी पेला का कधी? एवढं पुसा तुमच्या वाट्याइले."

हे काही फक्त तिकडचंच आहे असं म्हणता येत नव्हतं. आमच्या आळीत कुणाचा चहा कुठल्या कपात दिला जातो, ते मी पाहत आलोच आहे. तिने मला चहा दिला. मी तो ओट्यावर, रस्त्यावरून दिसेल असा बसून प्यायलो. त्याचा कुणाला उपयोग झाला नाही, हे मला पिताना कळत होतं.

केनवडचा बाजार

दुसऱ्या दिवशी केनवडचा बाजार होता. संगीताताईबरोबर गेलो. माणसाचं मन खात असलं तरी बाजार बाजारच असतो. घटकाभर मी सगळं विसरलो. हरभऱ्याची कोवळी भाजी, बोरं, गावरान वांगी, लाल मिरचीचे ढीग. शेव घातलेली भाजी रटरटत असलेल्या एका हॉटेलात आम्ही बसलो. तर्री पाहून मी नको म्हणणार होतो, आणि म्हणालो नाही.

परतताना मला एक उपाय सुचला. अंडं गेलं तर निदान केळी. मी भली मोठी फणी घेतली. पण जीपमध्ये एवढी माणसं होती की केळी कुणाच्या तरी मांडीखाली गेली. ती मांडी खताच्या पोत्यासारखी भक्कम होती. गावात उतरलो तेव्हा पिशवीत शिकरण झालं होतं. तसाच ते घेऊन मी गोदाबाईकडे गेलो, कारण थांबलो असतो तर धीर सुटला असता.

ती ओट्यावर एकटीच होती. पिशवीत डोकावून, ‘ळ’च्या जागी ‘य’ घालणाऱ्या तिथल्या बोलीत म्हणाली, "केयं? थंडीत लेकराले सर्दी होते, सर." आणि पिशवी शेळीपुढे ठेवली. शेळीने मात्र आनंदाने स्वीकार केला.

मी तयारी करून गेलो होतो. प्रथिनं, वाढीचं वय, मेंदू. तिने मला सुरू करू दिलं नाही. बस म्हणाली, आणि स्वतःच बोलायला लागली. आवाज बारीक होता, घरात वर्षाला ऐकू जाऊ नये इतका.

"तिले रोज कोन धाडत होतं, तुमाले काय वाटते? येवढुसं लेकरू टायमावर जाते का कुठं? मीच धाडत होतो. जाय बापा, कोंबड्या पाहून ये, म्हनत होतो."

तिने गळ्यातली माळ बोटांनी धरली.

"माह्या गयात तुयशी हाये. माहीत असनं येगयं, सर, अन् चारचौघांत आयकनं येगयं. आयकलं म्हंजे मंग जबाब द्या लागते. हो म्हनलं तं माह्यी माळ खोटी. नाई म्हनलं तं पोट्टीचं पोट." तिने माळ सोडली. "इतके दिवस मले कोनी इचारलंच नव्हतं."

मी माफी मागितली. किती वेळा, ते आठवत नाही; तिसऱ्या-चौथ्या वेळी ती वैतागली आणि म्हणाली की माफीने पोरीचं पोट भरत असतं तर तिने वाटीभर मागून घेतली असती. मग मी पंचफुलाबाई काय म्हणाली तेही सांगितलं. सांगावं की नाही कळत नव्हतं. पुन्हा एकदा नको ते तोंडातून जाईल, ही भीती होती. पण ही गोष्ट गोदाबाईला ठाऊक नसावी असं मला वाटलं, आणि ती खरंच ठाऊक नव्हती. तिने शेळीच्या तोंडातून पिशवी सोडवली.

"चा पेला नाई म्हनते?" ती म्हणाली. "वावरात तिच्या डब्यातली चटनी खाल्ली मी. किती डाव."

"वावरात," मी म्हणालो.

तिने रिकामी पिशवी झटकून मला परत दिली. मी उठलो तेव्हा म्हणाली, "उद्या जाता ना तुमी? गाडीआंधी पंचफुलाकडं या. वाट्या आना."

निघायच्या दिवशी

सकाळी धुकं होतं. हरभऱ्यावरचं दव उडालं नव्हतं. संगीताताईने माझ्या पिशवीत जवसाची चटणी, सोले आणि पोळ्यांचा गठ्ठा कोंबला. नको म्हणायचं मी आता सोडून दिलं होतं.

पंचफुलाबाईच्या अंगणात पोचलो. ती चुलीपाशी होती, माझ्याशी बोलली, पण मनापासून नाही. बोळातून परी आली, कडेवर बसून. कडेवर घेणारी गोदाबाई होती. नळावर पाण्याला आलेल्या बाया तिथेच थबकल्या. त्यात शेंगा सोलणाऱ्याही होत्या. बोळ काही रुंद नाही, पण गोदाबाई तो नदी उतरावी तशी सावकाश उतरून आली. परीला अंगणात सोडलं. मग लुगडं सावरून निळ्या कडेच्या ओट्यावर बसली. रस्त्याकडे तोंड करून, चुलीकडे पाठ करून.

"चा ठेव वं पंचफुला," ती नळावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सरालेबी ठेव. साखर मले जादा."

पंचफुलाबाई चुलीपाशी तशीच उभी राहिली. हातात अंडं होतं. मग तिने ते राखेत जपून ठेवलं, हात धुतले आणि चहाचं भांडं उतरवलं. "जादा म्हंजे किती?" तिने विचारलं. "येवढ्या वर्साची टाकू का एकदमच?"

"टाक ना. मी काय घाबरतो का?"

कप आले. काठोकाठ, बशीत सांडलेले. गोदाबाईने बशीत ओतून, फुंकर मारून, भुरका ओढत प्यायला. नळावरच्या एकीने हंडा भरून वाहतोय हे पाहिलंच नाही. मीही प्यायलो. माझ्या डॉक्टरांनी तो चहा पाहिला असता तर मला तिथेच दाखल करून घेतलं असतं.

पाठीमागे अंड्याचं टरफल फुटल्याचा आवाज आला. मग परीच्या खाण्याचा, बारीक, ओला आवाज. गोदाबाई रस्त्याकडेच पाहत होती. रस्त्यावर काहीही नव्हतं. एक कुत्रं आणि धुकं.

"इचारा आता, सर," ती म्हणाली.

मी वाट्या काढल्या. नळावरच्या बाया ऐकत होत्या. मी जपून, एकेक शब्द तोलत विचारलं, परीने काल घरी काय खाल्लं?

"घरी? दूध-पोयी. वरन-भात."

मी लिहून घेतलं. अभ्यासक्रमात शिकवलेला पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मधल्यामधलं काही? मी तो चहाबरोबर गिळला.

"अन् आत्ता?" पंचफुलाबाईनेच मागून विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं. "आत्ता काय खाऊन राह्यली तुही नात?"

"मले काय ठाव बापा," गोदाबाई म्हणाली. "मी तं रस्ता पाहून राह्यलो."

नळावर हसण्याचा एकच फवारा उडाला. जीपचा हॉर्न वाजला. मी पिशवी उचलली, तेवढ्यात परी पुढे आली आणि आजीच्या मांडीवर चढली. ओठाच्या कडेला पिवळं लागलेलं होतं. गोदाबाईने ते पाहिलं. मी पाहिलं. पदर घेऊन तिने हळूच, कोपऱ्यापर्यंत, पुसलं.

"हयद लागली," ती मला म्हणाली.

"हळदच आहे," मी म्हणालो, आणि जीपमध्ये जाऊन बसलो.